मोजणी नको म्हणणाऱ्यांना उत्तर

बीड जिल्ह्याच्या राजकीय चर्चेत एक मत आता इतके रूढ झाले आहे की ते मांडताना कोणी पुरावा देत नाही आणि ऐकणाराही तो मागत नाही. अध्यक्षपद जिल्हा परिषदेचे असो, नगरपालिकेचे असो वा राजकीय पक्षाचे असो, ते प्रतिनिधींची मते मोजून ठरवणे म्हणजे घोडेबाजाराला आवतण देणे होय, असे हे मत सांगते. मूठभर सदस्यांना सहलीला नेले, त्यांचे फोन काढून घेतले आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहात आणून उभे केले की निकाल लागतो. मग मोजणीचा हा खटाटोप हवा कशाला? त्यापेक्षा ज्येष्ठांनी बसून एक नाव ठरवावे, बाकीच्यांनी ते बिनविरोध मान्य करावे आणि तेही जमत नसेल तर सरळ जनतेलाच विचारावे, असा या मताचा उपदेश आहे. वरवर पाहता हा उपदेश नीतीचा भासतो. प्रत्यक्षात तो लोकशाहीतील सर्वांत साध्या आणि सर्वांत उपयुक्त साधनावरच घाव घालतो, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

प्रथम ही पद्धत नेमकी काय आहे ते स्पष्ट करावे लागेल. मतदारांनी आधी प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी पुढे पदाधिकारी निवडायचा, याला अप्रत्यक्ष निवडणूक म्हणतात. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष गटांतून निवडून आलेले सदस्य निवडतात; विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातील आमदार जिल्हा परिषदांचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती आणि नगरसेवक निवडतात; काँग्रेससारख्या पक्षाचा अध्यक्ष प्रदेश काँग्रेस समित्यांचे प्रतिनिधी निवडतात; आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात ठरवतात. या सर्व ठिकाणी मतदारांची संख्या लहान असते, प्रत्येक मताचे वजन मोठे असते आणि म्हणूनच चुरस झाली की पाच-दहा मतांवर सारे चित्र पालटते. आक्षेप घेणाऱ्यांना हीच गोष्ट खटकते, आणि या पद्धतीची ताकदही नेमकी याच गोष्टीत आहे.

पहिला आक्षेप घोडेबाजाराचा, आणि त्यासाठी बीडमध्ये हमखास दाखला दिला जातो तो २०१७ च्या जिल्हा परिषद अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा. त्या वर्षी ६० सदस्यांच्या सभागृहात राष्ट्रवादी काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष होता; तरीही सुरेश धस यांच्या गटाने पक्षाची साथ सोडल्याने अध्यक्षपद भाजपच्या सविता गोल्हार यांच्याकडे गेले. सर्वाधिक जागा एकाच्या आणि अध्यक्ष दुसऱ्याचा, हा मोजणीचाच दोष, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण हा निष्कर्ष काढणारे त्या सभागृहात काय घडते याकडे नीट पाहत नाहीत. जिल्हा परिषद अध्यक्षाची निवड हात उंचावून होते. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला पीठासीन अधिकारी उमेदवाराचे नाव उच्चारतो, सदस्य आपापल्या जागेवर हात वर करतात, कर्मचारी एकेक हात मोजतात आणि कोणाचा हात कोणाच्या बाजूने वर गेला याची नोंद इतिवृत्तात होते. म्हणजे फुटलेला सदस्य साऱ्या जिल्ह्यासमोर फुटतो. पक्षाला त्याच्यावर कारवाई करण्यासाठी आणि त्याच्या गटातील मतदाराला त्याला जाब विचारण्यासाठी लागणारा पुरावा त्या उंचावलेल्या हातातच असतो. हाच सौदा बंद खोलीत, 'एकमता'च्या नावाखाली झाला असता तर कोण कोणाला का शरण गेले, हे कोणाला कधी कळले असते का?

पक्षादेश, म्हणजे रूढ भाषेत व्हिप, मोडणाऱ्या स्थानिक सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम अस्तित्वात आहे. या कायद्यातील तरतुदी कमकुवत नाहीत; कमकुवत आहे तो त्यावरील निर्णयाचा वेग. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून प्रकरण मंत्रालयात, तेथून न्यायालयात, असा प्रवास सुरू झाला की अध्यक्षपदाची अडीच वर्षांची मुदत सरत येते आणि निकालाचा उपयोग उरत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यात मापात पाप होते, ही तक्रार बीडच्या ऊस उत्पादकाला नवी नाही. पण त्यावर उपाय म्हणून वजन न करताच ऊस घालावा, असे एकाही शेतकऱ्याने आजवर म्हटलेले नाही. तो काट्याची तपासणी मागतो. राजकारणातही काटा तपासण्याचीच मागणी व्हायला हवी. काटाच उखडून टाका म्हणणारा माणूस शेवटी खोटे वजन मारणाऱ्याचेच काम सोपे करतो.

दुसरा आक्षेप असा की इतक्या थोड्या मतदारांत निकाल न्यायालयाच्या दारात अडकतो, म्हणून ही पद्धतच सदोष आहे. येथे २०१८ च्या उस्मानाबाद-लातूर-बीड स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाचे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते खरोखर बारकाईने पाहण्याजोगे आहे. राष्ट्रवादीचे उमेदवार रमेश कराड यांनी माघारीच्या मुदतीत अर्ज मागे घेतला, पक्षाला अपक्ष अशोक जगदाळे यांना पाठिंबा द्यावा लागला आणि त्यांची लढत एव्हाना भाजपचे उमेदवार झालेल्या सुरेश धस यांच्याशी झाली. मतदार सुमारे एक हजार. मतदान २१ मे रोजी पार पडले, मोजणी २४ मे रोजी व्हायची होती; परंतु बीड नगरपालिकेतील जेमतेम दहा-अकरा नगरसेवकांच्या अपात्रतेचा वाद उभा राहिला आणि मोजणी १२ जूनपर्यंत लांबली. शेवटी धस पाऊणशेच्या आसपास मतांनी विजयी झाले. तीन जिल्ह्यांचा कौल जवळपास तीन आठवडे पेटीत बंद राहिला, आणि तो कशामुळे, तर मते कशी मोजायची यावर नव्हे, कोणाची मते धरायची यावर एकमत नव्हते म्हणून. मोजणीचे नियम या काळात एकदाही वादात आले नाहीत. जांभळ्या स्केचपेनने उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, पहिली पसंती नसलेली वा मतदाराची ओळख पटवणारी मतपत्रिका बाद धरायची, हे सर्वांना मान्य होते. वाद होता तो यादीचा. अपात्रतेचा निर्णय मतदानाच्या तोंडावर येऊ दिला गेला, हा दोष प्रशासनाचा. त्याचे खापर मोजणीच्या डोक्यावर फोडणे कोणत्या न्यायात बसते?

हा प्रश्न केवळ बीडचा नाही, हे सांगण्यासाठी अमेरिकेतील २००८ ची डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारीची लढत पुरेशी आहे. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात प्रतिनिधींच्या संख्येची चुरस शेवटच्या आठवड्यापर्यंत चालली. त्या पद्धतीत काही राज्यांत प्रायमरी, म्हणजे मतपेटीतून होणारी पक्षांतर्गत निवडणूक, आणि काही राज्यांत कॉकस, म्हणजे कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष सभेला जमून दिलेला कौल, यांतून प्रतिनिधी ठरतात. त्यांत पक्षाचे खासदार, राज्यपाल आणि पदाधिकारी यांची, सुपरडेलिगेट म्हणून ओळखली जाणारी मते तेव्हा मिळवली जात. फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांनी पक्षाचे वेळापत्रक मोडून मतदान लवकर उरकले, म्हणून त्यांच्या प्रतिनिधींचा हक्क काढून घेण्यात आला होता. तो परत द्यायचा की नाही, दिला तर किती, यावर सारी लढत येऊन थांबली. ३१ मे २००८ रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धे मत दिले, त्यामुळे विजयासाठी लागणारा आकडा वाढून २,११८ वर गेला आणि काही दिवसांतच ओबामांनी तो पार केला. समितीचा हा निर्णय दोन्ही बाजूंना सर्वस्वी पटला नव्हता. परंतु तो उघड बैठकीत, कारणे देऊन, अंतिम मोजणीच्या आधी झाला, आणि म्हणूनच पराभूत बाजू पक्षातून बाहेर पडली नाही. बीडमध्ये दहा-अकरा नगरसेवकांच्या हक्काचा निर्णय असाच वेळेत आणि उघडपणे झाला असता तर तीन आठवड्यांचा घोळ झाला असता का?

तिसरा आक्षेप एकमताच्या गौरवातून येतो. निवडणूक झाली की पक्ष दुभंगतो, बिनविरोध झाली की एकजूट टिकते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास या विधानाच्या अगदी उलट साक्ष देतो. शिवसेनेत आणि राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये सर्वोच्च पदासाठी प्रतिनिधींची चुरशीची मोजणी कधीच झाली नाही. नेतृत्व सदैव एकमताने ठरले. मग २०२२ मध्ये एक पक्ष आणि २०२३ मध्ये दुसरा पक्ष उभा का फुटला? आणि फुटल्यावर मूळ पक्ष कोणाचा हे ठरवताना निवडणूक आयोगाला काय आढळले? कोणत्या गटाकडे संघटनेतील बहुमत आहे, ही पक्षाच्या मालकीची एक मान्यताप्राप्त कसोटी आहे; परंतु विश्वासार्ह अंतर्गत निवडणुकीची नोंद नसल्याने ती कसोटी लावता येत नाही, असे आयोगाने दोन्ही प्रकरणांत धरले आणि विधिमंडळातील सदस्यांच्या संख्येवर निर्णय दिला. शिवसेनेच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार कोणाकडे, हा हिशोब निर्णायक ठरला; राष्ट्रवादीचा निकाल ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अशाच हिशोबाने लागला. म्हणजे मोजणी टळली नाही. ती फक्त कार्यकर्त्यांच्या हातून निसटून आमदारांच्या हाती गेली.

याचा अर्थ बीडच्या कार्यकर्त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ मध्ये जिल्ह्यातील सहा विधानसभा जागांपैकी चार राष्ट्रवादीने जिंकल्या होत्या. फुटीनंतर परळीचे धनंजय मुंडे, माजलगावचे प्रकाश सोळंके आणि आष्टीचे बाळासाहेब आजबे अजित पवार यांच्याकडे गेले, तर बीडचे संदीप क्षीरसागर शरद पवार यांच्याकडे राहिले. पक्षाचे घड्याळ हे चिन्ह कोणाच्या हाती राहील, हे अशा तिघांच्या आणि एकाच्या हिशोबांची राज्यभर बेरीज करून ठरले. वर्षानुवर्षे पक्षाचे झेंडे लावणारे, बूथवर बसणारे, सभासदत्वाची पावती फाडणारे गेवराई, केज आणि धारूरचे हजारो कार्यकर्ते या हिशोबात कुठेच नव्हते. त्यांची यादी तयार झाली नाही, त्यांचे मत कोणी विचारले नाही आणि त्यांची मोजणी झाली नाही. एकमताचा गौरव करणाऱ्यांनी या कार्यकर्त्यांपुढे उभे राहून सांगावे की त्यांना मोजले न जाणे हेच पक्षाच्या हिताचे होते.

चौथा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो इतरांपेक्षा भारदस्त आहे. मोजून निवडलेला अध्यक्षही श्रेष्ठी टिकू देत नाहीत, मग मोजण्यात अर्थ काय, असे विचारले जाते. काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनापूर्वी, जानेवारी १९३९ मध्ये, अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस यांनी १,५८० मते मिळवून पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. तरी एप्रिल संपेपर्यंत त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९५० मध्ये नाशिक अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानी यांना १,०९२ आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांना २०२ मते पडली. एकूण २,६०० मतांपैकी निम्म्याहून अवघी सहा मते टंडन यांना अधिक मिळाली. सरदार पटेल यांचा त्यांना पाठिंबा होता, पंडित नेहरूंचा विरोध होता. पटेलांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत टंडन पायउतार झाले आणि अध्यक्षपद नेहरूंकडे गेले.

या दोन्ही घटनांमधून मोजणी व्यर्थ ठरते, असे म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: आज इतक्या वर्षांनंतरही त्रिपुरीचा अन्याय आणि नाशिकचा पेच आपल्याला इतक्या नेमकेपणाने का सांगता येतो? तो सांगता येतो, कारण आकडे नोंदले गेले. प्रतिनिधींनी काय ठरवले आणि श्रेष्ठींनी त्याचे काय केले, यातील अंतर त्या आकड्यांनी कायमचे उघडे ठेवले. टंडन यांना हटवणाऱ्यांना हे काम उघडपणे करावे लागले, राजीनामे द्यावे लागले, काँग्रेसच्या महासमितीत बाजू मांडावी लागली. श्रेष्ठींची मनमानी हा मोजणीचा परिणाम नाही. मोजणी तिला फक्त लपू देत नाही. १९९७ मध्ये अध्यक्षपदासाठी सीताराम केसरी यांना ६,२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली, तेव्हा काँग्रेसमध्ये असंतोष किती आणि तो कोणाच्या मागे आहे, हे निदान आकड्यांत दिसले. २०२२ मध्ये ९,३८५ मतांपैकी मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मिळाली, ४१६ बाद झाली. हरणाऱ्याच्या बाजूने हजारभर प्रतिनिधी उभे राहिले, हे पक्षाला नाकारता आले नाही. त्या निवडणुकीतही सर्वांत रास्त तक्रार प्रतिनिधींची यादी सर्वांसाठी खुली नसल्याची होती. म्हणजे पुन्हा यादीच.

पाचव्या आक्षेपात उपाय म्हणून थेट निवडणुकीचे नाव घेतले जाते. जनतेने थेट अध्यक्ष निवडला की प्रतिनिधींच्या खरेदी-विक्रीला वाव उरत नाही, असा हा युक्तिवाद. महाराष्ट्राने तो नगरपालिकांत वारंवार आजमावला आहे: २०१६ मध्ये थेट नगराध्यक्ष आला, २०२० मध्ये तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा आला. बीड नगरपालिकेत २०१६ मध्ये भारतभूषण क्षीरसागर थेट नगराध्यक्ष झाले आणि सभागृहात त्यांच्यासमोर पुतणे संदीप क्षीरसागर यांच्या काकू-नाना विकास आघाडीचा मोठा गट बसला. थेट निवडीने सभागृहातील बहुमताची गरज संपली का? ठराव मंजूर करायला मते लागलीच, गट सांभाळावे लागलेच आणि २०१८ मध्ये निकाल अडवणारा नगरसेवकांच्या अपात्रतेचा वाद याच नगरपालिकेतला होता. शिवाय 'जनतेची एकूण मते' हा आकडा पक्षांतर्गत लढतीत दिसतो तितका निःसंदिग्ध नसतो. २००८ मध्ये नेवाडाच्या कॉकसमध्ये क्लिंटन यांची बाजू मोठी ठरली, पण प्रतिनिधी ओबामांना १३ आणि त्यांना १२ मिळाले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावच नव्हते. वेगवेगळ्या नियमांनी गोळा झालेली मते एकत्र करून त्यांनाच जनमत म्हणायचे, तर ते जनमत कोणत्या नियमाने मोजायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आधी ठरलेल्या नियमाने, आधी ठरलेल्या यादीतून मोजलेले प्रतिनिधीच अशा वेळी खात्रीचा आधार ठरतात.

उरला तो निसटत्या विजयाचा तिरस्कार: थोड्या मतांनी आलेला अध्यक्ष हा खरा अध्यक्ष नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडमधून बजरंग सोनवणे पंकजा मुंडे यांच्याविरुद्ध अवघ्या ६,५५३ मतांनी निवडून आले. त्यांना ६,८३,९५० आणि मुंडे यांना ६,७७,३९७ मते पडली होती. या विजयाला कोणी अपुरा म्हणाले नाही, कारण नियम आधी ठरलेला होता आणि मोजणी सर्वांसमोर झाली. मग हाच मान जिल्हा परिषदेच्या सभागृहातील ३१ विरुद्ध २९ अशा निकालाला का नाकारायचा?

मोजणीला कंटाळलेल्या बीड जिल्ह्याने मोजणीविना राहण्याचा अनुभवही घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढील तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात सभागृहात हात वर झाला नाही, कोणी फुटला नाही, सहली निघाल्या नाहीत. पण गावातील शाळेची गळती, आरोग्य उपकेंद्रातील रिकामी जागा आणि पाणंद रस्ता यांसाठी ज्याला जाब विचारावा असा निवडून आलेला सदस्यही उरला नाही. घोडेबाजार टाळण्यासाठी सभागृहच रिकामे ठेवणे, हा उपाय कोणाच्या सोयीचा आहे?

म्हणून मागणी नेमकी आणि ठाम असली पाहिजे. पदासाठी मत देणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीची यादी निवडणूक जाहीर होताच खुली करावी. अपात्रतेचे प्रत्येक प्रकरण मतदानापूर्वी ठरावीक मुदतीत निकाली काढावे आणि मुदत टळली तर सदस्याचा हक्क कायम धरावा. निवडून आलेल्या सभागृहातले मत उघड असावे, कारण तो सदस्य मतदारांना बांधील आहे, आणि पक्षाच्या प्रतिनिधीचे मत गुप्त असावे, कारण तो श्रेष्ठींच्या रोषापासून सुरक्षित राहिला पाहिजे. आणि प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते, बाद मतांसह, जाहीर करून कायम जतन करावीत. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही, खर्चिकही नाही. अडचण एवढीच की त्यामुळे चिठ्ठीतून अध्यक्ष नेमणाऱ्यांची सत्ता कमी होते. मोजणीने पक्ष फुटत नाहीत आणि सभागृहे भ्रष्ट होत नाहीत. पक्ष फुटतात आणि सभागृहे भ्रष्ट होतात ती मोजणी टाळल्याने, मतदारयादी अंधारात ठेवल्याने आणि निर्णय वेळेत न दिल्याने. ज्या प्रतिनिधीचे मत मोजले जात नाही तो प्रतिनिधी नाही, आणि ज्या पक्षात प्रतिनिधी उरत नाहीत त्या पक्षाला बीडच्या मतदाराकडे लोकशाहीच्या नावाने मत मागण्याचा अधिकार नाही.